चार बोटं मुरूम

एका डोंगराच्या पायथ्याला एक नगरी होती. इतर नगऱ्यांत असतं ते सगळं तिथे होतं. पण तिचं नाव चारी मुलखांत झालं होतं ते तिथल्या गरुडपाळण्यामुळे.

जत्रेतल्या साध्या पाळण्यासारखा तो नव्हता. मधोमध दोन माणसांच्या कवेत न मावणारा खांब, त्याला गरुडाच्या पंखांसारख्या आठ लांब तुळया, आणि प्रत्येक तुळईला साखळ्यांनी टांगलेला एक लाकडी पाळणा. एका पाळण्यात चार मुलं, त्यांच्या छातीपुढे एक आडवा दांडा. वर डोंगरावर दगडी टाकी होती. तिचं दार उघडलं की पाणी धो धो खाली येई, खालचं चाक फिरे, चाकाबरोबर खांब फिरे, आणि पाळणे आधी हळू, मग भरभर, मग पार आडवे होऊन कौलांवरून उडत. आत बसलेल्या मुलांना अख्खी नगरी दिसे, तळं दिसे, पलीकडची शेतं दिसत. फक्त एक होतं. एकदा सुटलेल्या पाण्यापुढे दार परत लावता येत नसे. टाकी रिकामी होईपर्यंत पाळणा कोणाच्या बापालाही थांबवता येत नसे.

म्हणून फाटकाशी मापाचा खांब होता. सागवानी, त्यावर तांब्याची पट्टी. ज्या मुलाचं डोकं पट्टीला लागेल ते पाळण्यात बसेल. लागणार नाही ते पुढच्या वर्षी. माप बघायला एक मापारीण होती. माप पुरं झालं की तिने फाटकावरची घंटा वाजवायची, आणि घंटा ऐकली की डोंगरावरच्या पाणक्याने टाकीचं दार उघडायचं, असा रिवाज होता.

मापारिणीच्या आधी हे काम तिचे वडील करत. पाळणा नवा होता तेव्हा त्यांनी लहान-मोठी वाळूची पोती त्यात बसवून पाणी सोडलं होतं. बुटकी पोती दांड्याखालून निसटून भिरभिरत खाली आली. उंच पोती बसून राहिली. ज्या उंचीपासून पुढे एकही पोतं पडलं नाही, त्या उंचीला त्यांनी पट्टी ठोकली. मापारीण तेव्हा पाच वर्षांची होती. पोती फुटल्याचा आवाज तिला अजून आठवत होता.

नगरीला मात्र काही आठवत नव्हतं. पट्टी होती म्हणून एकही मूल कधी पडलं नाही, आणि एकही मूल कधी पडलं नाही म्हणून पट्टी कशासाठी आहे हे लोक विसरले. त्यांनी तिचा मान करून टाकला. मूल पट्टीला लागलं की खांबाशीच आई त्याला ओवाळी, गुलाल लावी, ढोल वाजे. ‘यंदा अमुक इतकी मुलं पट्टीला लागली’ अशी दवंडी पिटली जाई. ज्याचं मूल लागलं नाही तो आठ दिवस पारावर बसायला लाजे.

मग खटपटी सुरू झाल्या. कोणी पोरीची वेणी डोक्यावर उभी बांधून आणी, कोणी जोड्यात कापूस कोंबी. मापारीण जोडे काढायला लावी, केस तळहाताने चेपी, आणि मगच पट्टीकडे बघे.

“मापारीणबाई, दोरा जाईल एवढी तर फट आहे!” एकदा हलवाईण म्हणाली होती. “जरा डोळा झाकला तर काय आभाळ कोसळेल?”

“आभाळ नाही कोसळणार,” मापारीण म्हणाली. “पोर कोसळेल.”

हलवाईण वर्षभर तिच्याशी बोलली नाही.

मापारिणीची स्वतःची मुलगी होती, बकुळा. आठ वर्षांची, अंगाने काटकुळी, चणीने लहान. घराच्या चौकटीवर पट्टीच्या उंचीची कोळशाची रेघ होती. बकुळा रोज तिच्याखाली उभी राही. जत्रेच्या सहा दिवस आधी ती दोन बोटं कमी भरली होती.

“आई, बाकीच्या मैत्रिणी बसणार यंदा,” ती म्हणाली. “त्या वरून हात करणार, आणि मी खालून.”

“तूही खालून हात कर,” आई म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

त्या वर्षी शेजारच्या राज्याचे पाहुणे यायचे होते. त्यांनीही तसाच पाळणा बांधला होता, आणि मागच्या जत्रेत त्यांच्या प्रधानाने इथल्या प्रधानाला सगळ्यांदेखत विचारलं होतं, “तुमचे तीन पाळणे रिकामे फिरले म्हणे. तुमच्याकडे मुलं वाढत नाहीत का?” इथल्या प्रधानाला वर्षभर झोप लागली नव्हती. नगरीत विहिरी गाळाने भरल्या होत्या, पूल डळमळत होता. त्यापायी त्याची झोप कधी उडाली नव्हती. या एका वाक्याने उडाली.

जत्रेचा दिवस उजाडला. फाटकाशी पताका लागल्या, पाहुण्यांसाठी मांडव पडला. मापाच्या खांबाभोवती कोणीतरी सुरेख रांगोळी घातली होती.

“आई, सगळ्यांच्या आधी माझं बघ ना,” बकुळा म्हणाली. “कोणी नाहीये अजून. हसणार नाही कोणी.”

ती अनवाणी खांबाला पाठ लावून उभी राहिली. आईने केस चेपले आणि पट्टीकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. पोरीचं डोकं पट्टीच्या वर दोन बोटं होतं.

“लागले?” बकुळाने डोळे मिटून विचारलं.

“लागलीस.”

पोर आनंदाने तिथल्या तिथे उड्या मारू लागली. मापारिणीने तिला छातीशी घेतलं, तेव्हा तिच्याही पायाखालची जमीन मऊ लागली. सहा दिवसांत चार बोटं कोणतं मूल वाढतं? प्रश्न तिच्या मनात आला, नाही असं नाही. पण पोर मानेला मिठी मारून हसत होती. मापारिणीने खाली पाहिलं नाही. वाढतात मुलं, ती मनाशी म्हणाली, आणि तिला गुलाल लावला.

मग गर्दी उसळली. पहिलं मूल लागलं. दुसरं लागलं. हलवाईणीची मुलगी लागली. हलवाईण ओवाळता ओवाळता मापारिणीकडे बघून म्हणाली, “यंदा तरी डोळे उघडले हो बाईंचे!” शिपायाचा मुलगा लागला. ढोल थांबेचना. दर वर्षी तीन मुलांतलं एक रडत घरी जाई; त्या दिवशी एकही गेलं नाही. बत्तीस मुलं लागली, आठही पाळणे भरले. मांडवात प्रधान पाहुण्यांना पाळणे मोजून दाखवत होता.

मापारिणीचे पाय भरून आले होते. इतकी वर्षं, काम संपलं की ती खांबाशी उभी राहून पट्टीवर उजवं कोपर टेकवी. पट्टी आणि तिचं कोपर यांची उंची बरोबर एक होती. तिने सवयीने कोपर टेकलं.

कोपर टेकलं नाही. पट्टी चांगली चार बोटं खाली होती.

ती खाली वाकली आणि रांगोळीत बोटं खुपसली. ताजा मुरूम होता, नुसता थापलेला, वरून सारवलेला. खांबाच्या पायाशी जो दगडी ओटा असायचा तो कुठेच दिसत नव्हता. बोटं पार मुळापर्यंत आत गेली तेव्हा दगड लागला.

म्हणजे मुलं वाढली नव्हती. जमीन वाढवली होती.

तिने पाळण्यांकडे पाहिलं. तिसऱ्या पाळण्यात बकुळा बसली होती, दांडा तिच्या हनुवटीपाशी. ती दोन्ही हात हलवत होती.

“मापारीणबाई!” प्रधान मांडवातून हसत तिच्याकडे आला. “घंटा वाजवा. पाहुणे खोळंबलेत.”

“प्रधानजी, माप चुकलंय,” ती म्हणाली. “खांबाशी मुरूम भरलाय. यातली कितीतरी मुलं मापात बसत नाहीत. ती दांड्याखालून निसटतील.”

प्रधानाचं हसू तसंच राहिलं, आवाज तेवढा खाली गेला. “कोणी भरला?”

“मला काय माहीत? भरलाय हे खरं. हात घालून बघा.”

“आजवर एक तरी मूल पडलंय का?”

“पट्टीखालचं एकही मूल आजवर बसलं नाही, म्हणून पडलं नाही.”

प्रधानाने मांडवाकडे एक नजर टाकली, मग तिसऱ्या पाळण्याकडे. सगळं त्याच्या लक्षात आलं. अशा माणसांच्या लक्षात अशा गोष्टी फार लवकर येतात.

“तुमची मुलगी आहे ना त्यात?” तो हलकेच म्हणाला. “घाबरलात, साहजिक आहे. एक करा, तिला उतरवून घ्या. पोटात दुखतंय म्हणा. कोणी काही विचारणार नाही. आणि मग घंटा वाजवा.”

मापारीण वळली आणि पाळण्याकडे चालू लागली.

हो, चालू लागली. ही गोष्ट ऐकताना तुम्हाला वाटेल की तिने तिथेच त्याला सुनावलं असेल. तसं झालं नाही. तिला त्या क्षणी एकच पोर दिसत होतं. तिने दांडा उचलला आणि बकुळाला काखेत धरून खाली घेतलं.

“आई! मी लागलेय! तूच म्हणालीस!” बकुळा रडू लागली.

शेजारी हलवाईणीची मुलगी बसली होती. तिने अजून बकुळाचा हात सोडला नव्हता. “मावशी,” तिने विचारलं, “बकू का उतरली? मग मी एकटी कोणाचा हात धरू?”

मापारिणीने त्या मुलीकडे पाहिलं. दांडा तिच्याही हनुवटीपाशी होता.

ती बकुळाला कडेवर घेऊन फाटकाकडे परत धावली. मुलीला खाली ठेवलं, घंटेची दोरी धरली आणि तिचे तीन वेढे स्वतःच्या मनगटाला दिले.

“सगळ्यांनी आपापली पोरं उतरवा!” ती ओरडली. “माप खोटं आहे! जमिनीत भर घातलीये!”

आधी कोणाला काही कळलं नाही. मग एकदम गलका झाला.

“स्वतःची उतरवली, आता आमच्यावर जळतेय!”

“बत्तीसच्या बत्तीस लागली ते हिला बघवेना!”

हलवाईण सगळ्यांच्या पुढे होती. “ओवाळून झालंय माझं, गुलाल लागलाय. लागलेलं मूल परत न लागलेलं कसं होईल ग?”

प्रधानाने शिपायाला खूण केली. “दोरी काढून घे तिच्या हातातून.”

शिपाई पुढे आला आणि त्याने तिचं कोपर धरलं. मापारीण जागच्या जागी ताठ झाली. हात डोक्यावर, दोरी ताणलेली. वर डोंगरावर पाणक्या टाकीच्या दाराशी उभा होता. इथलं बोलणं त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. त्याला घंटा तेवढी ऐकू येई. एक टोला, की तो दार उघडणार.

“हात ओढू नकोस,” ती शिपायाला म्हणाली. ओठांपलीकडे ती काही हलवत नव्हती. “हात हलला तर घंटा वाजेल. घंटा वाजली तर पाणी सुटेल. पाचव्या पाळण्यात तुझा मुलगा आहे. त्याला घरी चौकटीशी मापलं होतंस ना? किती भरला होता?”

शिपायाची पकड तशीच होती. मागून लोक रेटत होते. कोणाचा तरी खांदा मापारिणीच्या पाठीत बसला. घंटेतला लोलक हलला, कडेपाशी गेला, आणि न लागता परत आला. डोंगरावर पाणक्याने दाराच्या कडीला हात घातलेला खालून दिसला.

“खरं बोल,” ती म्हणाली. “किती?”

“तीन बोटं कमी,” शिपाई म्हणाला. त्याने हळूच तिचं कोपर सोडलं, आणि मग वळून दोन्ही हात पसरून गर्दीला मागे रेटू लागला. “मागे व्हा! मागे व्हा म्हणतो ना! कोणी दोरीला हात लावायचा नाही!”

“तुला हुकूम काय आहे?” प्रधान ओरडला.

“हुकूम आहे, प्रधानजी. पण आधी एकदा बघू तर. पोरं उतरवून बघू. त्यात तुमचं काय जाणार आहे?”

आता पाहुणेही मांडवातून उठून फाटकाशी आले होते. सगळ्यांदेखत ‘नको’ म्हणणं प्रधानाला जड गेलं. “ठीक आहे,” तो म्हणाला. “बाई, काय बघायचंय ते बघ. पण तुझं म्हणणं खोटं निघालं, तर संध्याकाळच्या आत नगरी सोडायची. मुलीला घेऊन.”

“सोडीन.”

कुरकुरत, शिव्या देत, आयांनी मुलं उतरवली. मापारिणीने वाळूची दोन पोती भरायला घेतली. एक पट्टीच्या खऱ्या उंचीचं, ओट्याच्या दगडापासून मोजून. दुसऱ्यासाठी तिने बकुळाला शेजारी उभं केलं आणि पोत्याचं तोंड मुलीच्या डोक्याबरोबर आवळून बांधलं. तिसऱ्या पाळण्यात, बकुळा बसली होती त्याच जागी, ते पोतं ठेवलं. उंच पोतं त्याच्या शेजारी. दांडा लावला.

मग तिने घंटा वाजवली.

पाणी आलं. चाक करकरलं. पाळणे निघाले. पहिला फेरा झाला. दुसरा झाला. दोन्ही पोती शहाण्या मुलांसारखी बसली होती. तिसऱ्या फेऱ्याला पाळणे उचलले गेले. चौथ्याला हलवाईण मोठ्याने म्हणाली, “बसलंय की!” पाचव्याला प्रधान पाहुण्यांकडे वळून हसला. सहाव्याला साखळ्या ताणल्या आणि पाळणे आडवे झाले. मापारिणीने बकुळाचा हात इतका घट्ट धरला की पोर कळवळली.

सातव्या फेऱ्याला बुटकं पोतं दांड्याखाली सरकलं. एक क्षण ते पाळण्याच्या कडेला अडकलं, अर्धं आत, अर्धं बाहेर, आणि मग सुटलं. ते कौलांवरून गेलं, पताकांवरून गेलं आणि फाटकापलीकडच्या फरशीवर आपटून फुटलं.

ढोलवाल्याच्या हातातली काठी पडली, तेवढाच आवाज.

आणि पाळणा थांबेना. टाकी भरलेली होती. फुटलेल्या पोत्याची वाळू फरशीवर पसरली होती आणि तिच्यावरून आठ पाळण्यांच्या सावल्या जात होत्या, पुन्हा पुन्हा. उंच पोतं जागचं हललं नव्हतं. लोक मुलांना पोटाशी धरून बघत राहिले. पाणी संपायला किती वेळ लागला ते नंतर कोणालाच नीट सांगता आलं नाही. पण त्या साऱ्या वेळात तिथून कोणी हललं नाही.

पाळणा थांबल्यावर पहिली हलली ती हलवाईण. ती मापाच्या खांबाशी गेली, गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी मुरूम उकरू लागली. शिपाई तिच्या शेजारी बसला. दगडी ओटा उघडा पडला तेव्हा हलवाईणीच्या बोटांतून रक्त येत होतं.

“हा मुरूम कोणी टाकला?” पाहुण्यांतल्या एकाने विचारलं.

प्रधान म्हणाला, त्याने फक्त आवार नीट करायला सांगितलं होतं. कारभारी म्हणाला, त्याने हुकूम पुढे दिला. मुकादम म्हणाला, त्याने टोपली दाखवली, जागा नाही. गडी म्हणाले, पाहुण्यांच्या पायाला दगड लागू नये म्हणून टाकला. रांगोळीवाली म्हणाली, तिने तर नुसती रांगोळी घातली. बत्तीस मुलं मरणाच्या दारात नेऊन बसवली होती, आणि नेणारा कोणीच नव्हता.

तेव्हा मापारीण म्हणाली, “मुरूम मी टाकला नाही. पण सकाळी माझ्या पायाला जमीन मऊ लागली होती. माझी पोर लागली, म्हणून मी खाली पाहिलं नाही. मग बत्तीस मुलं होईपर्यंत पाहिलं नाही. आणि एकदा कळल्यावर आधी माझीच उतरवली. एवढं माझं.”

कोणी तिला शिवी दिली नाही. एवढं मान्य करणारं त्या आवारात दुसरं कोणी उभं राहिलं नाही.

ओट्यावर पुन्हा माप झालं. बत्तीसातली सतरा मुलं लागली. टाकी भरली, घंटा वाजली, सतरा मुलं उडाली आणि खाली हसत उतरली. दवंडीवाल्याने सतराचाच आकडा सांगितला. प्रधान तो ऐकायला थांबला नाही. राजाचं बोलावणं आलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याचं पागोटं उतरलं. नव्या प्रधानाला पहिलं काम मिळालं ते असं: दर जत्रेला सगळ्यांसमोर, स्वतःच्या हातांनी, खांबाच्या पायाशी उकरायचं. दगड दिसला की मगच माप सुरू.

बकुळा त्या दिवशी खालून हात करत होती. शेजारी हलवाईणीची मुलगीही खालून हात करत होती. दोघींचे डोळे रडून लाल झाले होते.

पुढच्या वर्षी बकुळा पुन्हा खांबाशी आली. नवे प्रधान उकरून गेले होते, दगड लख्ख दिसत होता. तरी ती लगेच पाठ लावून उभी राहिली नाही. आधी खाली बसली, ओट्यावर तळहात फिरवला, कडेची माती फुंकून काढली. मग उभी राहिली.

“आता बघ, आई,” ती म्हणाली.

आईने केस चेपले, पट्टीकडे पाहिलं, आणि मग पायांकडेही पाहिलं.

“लागलीस,” ती म्हणाली.

तात्पर्य: मुलाच्या पायाखाली भर घातल्याने त्याची उंची वाढत नाही, त्याच्या जिवाचा धोका तेवढा वाढतो. आणि ज्याला ती भर दिसली, त्याने आपलं एकट्याचं मूल उतरवून गप्प बसू नये.